दोन बंद संगणकांतून एक चालता संगणक

घरात २०१३ सालचा एक असेंबल्ड पीसी पडून होता आणि एका कार्यालयाने भंगारात काढलेला ब्रँडेड टॉवर हाती आला. दोन्ही बंद. घरच्या पीसीत एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, आय३-४१३० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क आणि कॅबिनेटबरोबरच आलेला '४५० वॅट' छापलेला एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेपासून संगणकाला लागणारे कमी व्होल्ट बनवणारा डबा. टॉवरमध्ये आय५-४५९०, ४ जीबीच्या दोन रॅम स्टिक आणि आणखी एक ५०० जीबीची हार्डडिस्क. दोन्ही प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचे, दोन्हींचं सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) एलजीए ११५०, दोन्हीकडे डीडीआर३ रॅम. कागदावर तरी एकाचं दुसऱ्यात बसणारं होतं. ब्राउझर, मराठी टायपिंग, ऑनलाइन वर्ग, हिशेबाच्या शीट आणि व्हिडिओ एवढ्या घरगुती कामांसाठी यातून एक संगणक उभा केला. काय काय करावं लागलं ते इथे लिहितो आहे.

जुन्या भागांच्या कामात जोडणीला फार तर दोन तास लागतात. बाकी सगळा वेळ तपासणीचा. प्रत्येक भाग वेगळा तपासून 'हा चांगला आहे' हे ठरेपर्यंत पुढच्या भागाला हात लावायचा नाही, नाहीतर डिस्प्ले आला नाही की दोष पाचांपैकी कुणाचा हे कळत नाही. आणि नवे पैसे घालायचे ते मुख्यतः दोन ठिकाणी: एसएमपीएस आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क). प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट जुनं चालतं.

पहिला प्रश्न कुठलं शरीर ठेवायचं हा होता. टॉवर दिसायला भक्कम, त्यात रॅमचे स्लॉट चार, त्यामुळे मोह त्याचाच होतो. पण त्याचा एसएमपीएस मेलेला होता आणि बोर्डाला वीज देणारा कनेक्टर नेहमीच्या २४ पिनांऐवजी ८ पिनांचा. अशा बोर्डाला एसएमपीएस फक्त १२ व्होल्ट देतो, ५ आणि ३.३ व्होल्ट बोर्ड स्वतः तयार करतो. बाजारातला साधा एसएमपीएस त्याला थेट लागत नाही, २४ वरून ८ चा अ‍ॅडॅप्टर शोधावा लागतो. पुढच्या पॅनलची वायरही एकाच ठोकळ्यात येते, दुसऱ्या बोर्डावर ती बसत नाही. थोडक्यात, अशा टॉवरचा एक भाग गेला की बदली भाग त्याच घराण्यातला लागतो. घरच्या पीसीत सगळं सर्वसाधारण मापाचं होतं. म्हणून बोर्ड आणि कॅबिनेट घरचं ठेवलं आणि टॉवरमधून प्रोसेसर, रॅम आणि हार्डडिस्क काढून घेतली.

आता एसएमपीएस. जुन्याच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट होतं, पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर, डिस्क आणि पंखे यांचा जवळपास सगळा भार १२ व्होल्टवरच असतो, त्यामुळे खरी ताकद तीच. कुठलाही एसएमपीएस बघताना आधी हा रकाना वाचावा. तरीही मोजून पाहिलं. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला वाकवलेल्या क्लिपने जोडली की एसएमपीएस बोर्डाशिवाय चालू होतो. सगळ्याच तारा काळ्या असतील तर पिनांची आकृती समोर ठेवून १६ नंबरचा पिन शोधावा, अंदाजाने क्लिप घालू नये. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत हवी, ५ ची ४.७५ ते ५.२५, आणि ३.३ ची ३.१४ ते ३.४७. मोकळा असताना हा ११.९ दाखवत होता. बोर्ड आणि दोन हार्डडिस्क जोडल्यावर ११.२ वर आला. हा संगणक वापरात असताना मधेच रीस्टार्ट व्हायचा त्याचं कारण हेच. नुसता मोकळा मोजला असता तर तो पास झाला असता, म्हणून मोजणी नेहमी भार लावून करायची.

एसएमपीएस उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात मात्र पडू नये. २३० व्होल्टचा प्रवाह आत सरळ होऊन सुमारे ३२५ व्होल्ट डीसी बनतो आणि प्लग काढल्यावरही तो मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो. नवा घेताना हिशेब सोपा होता: प्रोसेसर ८४ वॅट, बोर्ड आणि रॅम मिळून २५-३०, हार्डडिस्क सुरू होताना वीसेक, पंखे आणि एसएसडी किरकोळ. दीडशेच्या आतच. ८० प्लस प्रमाणपत्र (वीज कमी वाया घालवण्याचं) असलेला, १२ व्होल्टवर ३० अँपिअरच्या आसपास देणारा ४०० ते ४५० वॅटचा एसएमपीएस पुरतो आणि पुढे छोटं ग्राफिक कार्ड घातलं तरी चालतं. वापरलेला एसएमपीएस स्वस्त मिळाला तरी मी घेत नाही. बाकी कुठलाही भाग मेला तर एकटा मरतो, हा मरताना इतरांना घेऊन जाऊ शकतो.

याच टप्प्यावर घरातलं अर्थिंग तपासलं. 'कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात' ही तक्रार आपल्याकडे घरोघरी असते आणि दोष संगणकाला दिला जातो. एसएमपीएसच्या आत आवाज गाळणारे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. सॉकेटमध्ये अर्थिंग नसेल तर पत्रा या दोघांच्या मधल्या व्होल्टेजवर, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर तरंगतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण टेस्टर पेटतो आणि हाताला जाणवतं. उपाय संगणकात नाही, वायरिंगमध्ये आहे. सॉकेटच्या फेज आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावला तर २३० च्या आसपास दिसायला हवं. तसं दिसत नसेल तर वायरमनला बोलवा. दोन पिनी एक्स्टेंशनवर तीन पिनी प्लग चालवणं पहिलं बंद करा.

बोर्डाची तपासणी उजेडात, मोबाइलचा टॉर्च आडवा धरून. प्रोसेसरभोवतीच्या कपॅसिटरांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा त्यावर तपकिरी खपली असेल तर तो बोर्ड बाजूला. हा बोर्ड साफ होता. वाळलेली धूळ पेंटब्रशने सुटी करून ब्लोअरने उडवली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं. सीआर२०३२ सेल मल्टिमीटरवर २.४ व्होल्ट निघाला, नवा ३ च्या वर असतो. हा सेल उतरला की बंद संगणकाचं घड्याळ मागे जातं, तारीख बोर्डाच्या जन्मवर्षावर पोचते आणि ब्राउझर प्रत्येक सुरक्षित वेबसाइटला प्रमाणपत्राची चूक दाखवतो. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात, दुखणं या छोट्याशा सेलमध्ये असतं.

प्रोसेसरचं सॉकेट सर्वांत नाजूक. एलजीएमध्ये पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक. टॉर्च तिरपा धरला की सगळ्या पिनांची टोकं एका ओळीत चमकतात आणि वाकलेली एखादी लगेच वेगळी दिसते. एका कोपऱ्यात तशी एक सापडली. ०.५ मिलिमीटरच्या पेन्सिलमधलं शिसं काढून तिचं रिकामं टोक पिनवर बसवलं आणि केसभर केसभर मागे आणलं. एका झटक्यात सरळ करायला गेलं तर पिन तुटते. 'बोर्डाचा एक रॅम स्लॉट गेलाय' असं सांगून विकलेल्या बोर्डांत पुष्कळदा असाच वाकलेला पिन असतो, कारण या पिढीत रॅमचा कंट्रोलर बोर्डावर नसतो, तो प्रोसेसरच्या आतच असतो आणि त्याच्या वाटा या पिनांतून जातात. कूलर एका बाजूने जास्त आवळला तरी असंच होतं.

यानंतरची पायरी चुकली असती तर चांगला प्रोसेसर मेला समजून फेकला गेला असता. आय५-४५९० हा चौथ्या पिढीचाच, पण २०१४ च्या मे महिन्यात आलेल्या सुधारित तुकडीतला. २०१३ चा एच८१ बोर्ड बनला तेव्हा हा प्रोसेसर नव्हताच, त्यामुळे बोर्डाच्या मूळ बायोसला (संगणक सुरू करणारा, बोर्डावरच साठवलेला प्रोग्रॅम) त्याची ओळख नसते. सॉकेटमध्ये तो बिनचूक बसतो, पंखा फिरतो, दिवा लागतो आणि डिस्प्ले येत नाही. म्हणून अदलाबदलीच्या आधी जुन्या आय३ वरच बोर्ड चालू केला. दोन स्लॉटांच्या मधे छापलेला बोर्डाचा मॉडेल नंबर आणि त्याखालचा रिव्हिजन आकडा दोन्ही लिहून घेतले, बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर प्रोसेसरांची यादी उघडली आणि ४५९० समोर कुठली बायोस आवृत्ती लिहिली आहे ते पाहिलं. बोर्डावरची आवृत्ती त्याहून जुनी होती. नवी फाइल एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाकली, बायोसमधल्याच अपडेटच्या पर्यायाने चढवली आणि तेवढा वेळ संगणक यूपीएसवर ठेवला. मधेच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. रिव्हिजन वेगळं असेल तर फाइलही वेगळी असते, तिथे 'जवळपास तेच आहे' चालत नाही. अपडेट झाल्यावर बायोसच्या डीफॉल्ट सेटिंग्ज लोड केल्या, संगणक बंद केला, प्लग काढला, पॉवरचं बटण दोन-तीनदा दाबून उरलेला भार उतरवला आणि मगच प्रोसेसर बदलला.

प्रोसेसरच्या कडेच्या दोन खाचा सॉकेटच्या उंचवट्यांशी जुळवायच्या, सोडून द्यायचा, दाबायचा नाही. दांडा खाली नेताना जोर लागतो आणि कर्रर्र असा आवाज येतो. पहिल्यांदा करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण ते बरोबर आहे.

आय३ चा पंखा ५४ वॅटच्या प्रोसेसरसाठी दिलेला पातळ अ‍ॅल्युमिनियमचा. ४५९० ला ८४ वॅट. टॉवरचा कूलर जाड होता, पण त्याचे स्क्रू त्याच्याच कॅबिनेटच्या पत्र्यात जात होते. म्हणून मधे तांब्याचा गाभा असलेला वापरलेला इंटेलचा कूलर घेतला. ११५६, ११५५, ११५०, ११५१ आणि १२०० या सॉकेटांची कूलरची भोकं एकाच मापावर, ७५ मिलिमीटर अंतरावर असतात, त्यामुळे मिळायला अडचण नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीत असे सुटे भाग मिळतात. कूलर घेताना चारही पुशपिनांची पांढरी टोकं फाटलेली नाहीत हे बघून घ्यावं, दुखणं तिथेच असतं.

प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी मधली जुनी पेस्ट खडूसारखी वाळलेली होती. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडाला लावून प्रोसेसर आणि कूलर दोन्ही पुसले. कापडाला करडा डाग लागायचा थांबला की झालं. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी. जास्त घातल्याने थंडावा वाढत नाही, ती फक्त कडेने बाहेर येते. पुशपिन बसवताना आधी चारही डोकी बाणाच्या उलट दिशेला फिरवून बसवण्याच्या स्थितीत आणायची, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन एकदम दाबायच्या, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा 'टक्' ऐकू आला पाहिजे. नंतर बोर्ड उलटा करून चारही काळ्या खिळ्या भोकातून पार आल्या आहेत की नाही ते पाहायचं. एक जरी अर्धवट राहिली तर कूलर एका बाजूने उचललेला राहतो आणि मिनिटाभरात तापमान नव्वदीला जातं.

रॅमसाठी या बोर्डात दोनच स्लॉट, कमाल १६ जीबी. टॉवरच्या दोन्ही स्टिक घातल्या तर ८ होतात. आजच्या ब्राउझरला ते कसेबसे पुरतात, म्हणून ८ जीबीच्या दोन वापरलेल्या स्टिक घेतल्या. इथे एक सापळा आहे. बाजारात ८ जीबीची डीडीआर३ स्टिक इतरांपेक्षा बरीच स्वस्त दिसली तर तिच्यावर 'फक्त एएमडी' असं असण्याची शक्यता मोठी, आणि ती इंटेलच्या बोर्डावर चालत नाही. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड रॅमही साध्या बोर्डावर चालत नाही. दुकानदाराकडून समोर लावून घ्यावी आणि टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची ते बिलावर लिहून घ्यावं. १.३५ व्होल्टची डीडीआर३एल स्टिक या पिढीत चालते. एकदम दोन घेणं जमत नसेल तर ८ आणि ४ अशी जोडीही चालते: त्यातले ४ आणि ४ दुहेरी चॅनलवर (एकाच वेळी दोन वाटांनी) पळतात, उरलेले ४ एकेरीवर.

रॅमचे सोनेरी दात कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत काळपट होतात. मऊ पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेने हलकेच चार-पाचदा पुसायचे, चुरा झटकायचा आणि अल्कोहोल लावलेल्या कापडाने शेवटचा हात फिरवायचा. 'डिस्प्ले येत नाही' म्हणून आलेल्या कितीतरी मशिनींत एवढंच करायचं असतं. मग मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवला. १६ जीबीला रात्रभर लावून ठेवावं. किमान दोन फेऱ्या पूर्ण व्हाव्यात आणि चुका शून्य याव्यात. एकही लाल ओळ माफ करायची नाही. चूक दिसली तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून पुन्हा तपासायची, म्हणजे दोष स्टिकचा की स्लॉटचा ते वेगळं होतं.

हे सगळं कॅबिनेटच्या बाहेर, मदरबोर्डच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर केलं. पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर लावलं की संगणक सुरू होतो. बाहेर चालतो आणि आत बसवला की चालत नाही, असं झालं तर कॅबिनेटच्या पत्र्यावरचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते खुंट) मोजा. बोर्डाला भोक नाही त्या जागी जुना एक उरला असेल तर तो बोर्डाच्या मागच्या डाखांना टेकून शॉर्ट करतो. या कॅबिनेटमध्ये तसा एक होता, तो काढला.

दोन्ही हार्डडिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली प्रकृतीची नोंद, वाचली. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो वापरलं तर लक्षात ठेवा की त्यातले कच्चे आकडे हेक्साडेसिमल (दहाऐवजी सोळावर आधारलेल्या) पद्धतीत दिसतात, तिथला १८ म्हणजे आपले २४. घरच्या डिस्कवर सी५, म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट पाहणारे सेक्टर, २४ होते. ती बाद. टॉवरच्या डिस्कवर ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर) आणि सी५ दोन्ही शून्य, चालू तास २१,०००. दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर जवळजवळ नऊ वर्षं, म्हणजे टॉवरच्या वयाशी जुळणारं. सी७, म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्या देवाणघेवाणीतल्या चुका, मात्र ११२ होता. हा आकडा बहुतेक वेळा डिस्कचा दोष सांगत नाही, डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलचा सांगतो. केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला. ही डिस्क फक्त फोटोंच्या दुसऱ्या प्रतीसाठी ठेवली. एकमेव प्रत अशा डिस्कवर ठेवू नये. कार्यालयातली डिस्क असल्यामुळे आधी ती पूर्ण शून्यांनी लिहून पुसली. ५०० जीबीला दीडेक तास गेला. नुसत्या क्विक फॉरमॅटने आतली माहिती तशीच राहते.

सिस्टिमसाठी नवी ४८० जीबीची साटा एसएसडी. एच८१ वर चार साटा पोर्टांपैकी दोनच ६ गिगाबिटचे असतात. एसएसडी त्यातल्या एकाला, हार्डडिस्क ३ गिगाबिटच्या पोर्टाला. एम.२ ची एनव्हीएमई एसएसडी (साटा न वापरणारी, नव्या बोर्डांवरची पट्टीसारखी) अ‍ॅडॅप्टरवर लावून बूट करण्याचा विचार सोडून द्यावा, त्या काळच्या बायोसमध्ये तिचा ड्रायव्हर नसतो. एसएमपीएसची साटा वायर कमी पडली तर चार पिनी मोलेक्सवरून साटाला जाणारा ओतीव प्लास्टिकचा अ‍ॅडॅप्टर वापरू नका. त्याच्या आत तारा जवळजवळ येऊन शॉर्ट होतात आणि प्लग वितळतो. तारा वेगवेगळ्या चेपून बसवलेला घ्यावा.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलची सुरुवात आठव्या पिढीपासून होते. चौथ्या पिढीवर ते खटपटीने चढवता येतं, पण घरातल्या इतरांनी रोज वापरायच्या मशीनवर मला ते नको होतं. बायोसमध्ये यूईएफआय (नव्या पद्धतीचं) बूट ठेवून लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. कीबोर्डच्या लेआउटमध्ये भारत निवडल्यावर मराठीचे इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही पर्याय दिसतात.

व्हिडिओची एक अडचण सांगायलाच हवी. ४५९० मधलं एचडी ४६०० ग्राफिक एच२६४ या पद्धतीने दाबून लहान केलेला व्हिडिओ सहज उलगडतं, पण यूट्यूब बहुतेकदा व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींतला पाठवतं आणि ते काम प्रोसेसरच्या अंगावर पडतं. १०८०पी ला प्रोसेसरवर बराच भार येतो. ब्राउझरमध्ये एच२६४ चाच व्हिडिओ मागणारं एक्स्टेंशन टाकलं आणि भार एकदम उतरला. त्यात १०८०पी च्या वर जाता येत नाही, पण घरच्या मॉनिटरला तेवढं पुरे. कार्ड घ्यायचंच असेल तर ३० वॅटचं जीटी १०३० व्हीपी९ उलगडतं. जीटी ७१० स्वस्त दिसतं, पण त्याला ते जमत नाही, घेऊ नये.

शेवटी अर्धा तास पूर्ण भार. खोलीत ३१ अंश असताना प्रोसेसर मोकळा ४२ वर, भाराखाली ७४ वर स्थिरावला, वेग ३.३ गिगाहर्ट्झच्या खाली गेला नाही. विदर्भातल्या मे महिन्यात यात दहा-बारा अंश वाढ धरावी आणि मागे एक १२० मिलिमीटरचा पंखा हवा बाहेर फेकणारा लावावा.

बाद डिस्कच्या थाळ्यांना ड्रिलने भोकं पाडली आणि जुने दोन्ही एसएमपीएस, टॉवरचा बोर्ड आणि सेल यांसकट ती ई-कचरा संकलनात दिली. चांगला आय३ मात्र प्लास्टिकच्या डबीत ठेवला, बायोसच्या भानगडीत पुन्हा कधीतरी लागेल. कॅबिनेटच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे: बोर्डाचं मॉडेल आणि रिव्हिजन, बायोसची आवृत्ती, एसएमपीएस, सेल आणि पेस्ट कधी बदलली त्या तारखा, हार्डडिस्कचे तास आणि सी५ चा आकडा. पुढची तपासणी पावसाळा संपल्यावर, त्याच कागदावर दुसरी ओळ.